नागपुरातल्या घरासाठी इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर कसा निवडावा

गाणं ऐकायला चांगली सिस्टीम घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी अ‍ॅम्प्लिफायर शोधायला लागतात. माझं म्हणणं असं की तो सगळ्यात शेवटी निवडावा. आधी खोली बघायची, मग स्पीकर ठरवायचे, मग घरातली वीज आणि उन्हाळा लक्षात घ्यायचा, आणि या सगळ्यांना पुरून उरेल तो अ‍ॅम्प्लिफायर आणायचा. हा क्रम कुठल्याही गावात योग्यच आहे. नागपुरात तो चुकला तर जास्त महागात पडतो, कारण इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हॉलमध्ये कूलर घोंघावत असतो, आणि यंत्र बिघडलं तर अनेक कंपन्यांच्या बाबतीत ते मुंबई-पुण्याला पाठवावं लागतं.

इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे दोन यंत्रं एकाच पेटीत. कुठला स्रोत ऐकायचा आणि किती मोठ्याने, हे ठरवणारा प्रीअ‍ॅम्प, आणि स्पीकरला लागणारी ताकद पुरवणारा पॉवर अ‍ॅम्प. एका साध्या घरगुती स्टिरिओला याहून जास्त काही लागत नाही. पाच-सात स्पीकरचा एव्ही रिसीव्हर सिनेमासाठी ठीक आहे, पण त्याच पैशात त्यात सात चॅनल, व्हिडिओचे सर्किट आणि डॉल्बीची लायसन्स बसवलेली असतात. फक्त गाणी ऐकायची असतील तर ते पैसे दोनच चॅनलवर खर्च झालेले बरे.

आधी खोली मोजा

टेप घ्या आणि खोलीची लांबी, रुंदी, आणि स्पीकरपासून तुमच्या खुर्चीपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. बेसा किंवा मनीषनगरच्या फ्लॅटमधला हॉल साधारण १२ बाय १४ फुटांचा असतो, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला थेट डायनिंगकडे उघडलेली जागा. अशा खोलीत आवाज टाइल्सवर आपटून परततो, वरचे सूर टोचतात, आणि दोष अ‍ॅम्प्लिफायरला दिला जातो. अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याआधी समोर जाड सतरंजी अंथरा आणि खिडकीला भरदार पडदा लावा. फरक लगेच कळेल. महाल भागातल्या जुन्या वाड्यात जाड भिंती आणि लाकडी माळा असतील तर हा त्रास बराच कमी असतो.

एक बाजू उघडी असलेल्या हॉलमध्ये डावा-उजवा आवाज सारखा पोहोचत नाही. म्हणून बॅलन्सचा नॉब असलेला अ‍ॅम्प्लिफायर घ्या. बास-ट्रेबलचे नॉबही असू द्या. ‘शुद्ध’ आवाजाच्या नावाखाली हे नॉब काढून टाकण्याची फॅशन मला पटत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग, भिंतीला चिकटवलेला स्पीकर, रात्री हळू आवाजात ऐकणं, या तिन्ही वेळी ते कामाला येतात, आणि नको तेव्हा एका बटणाने बाजूला काढता येतात.

स्पीकर आणि वॉटचं गणित

हा भाग नीट समजून घ्या, कारण निम्मे चुकीचे सौदे इथेच होतात.

स्पीकरच्या माहितीपत्रकात दोन आकडे शोधा. पहिला सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. घरगुती बुकशेल्फ स्पीकरचा हा आकडा साधारण ८३ ते ८९ असतो. दुसरा इम्पीडन्स, म्हणजे स्पीकर विजेला किती अडथळा करतो. तो ८, ६ किंवा ४ ओहम असतो, आणि आकडा जितका कमी तितका अ‍ॅम्प्लिफायरवर ताण जास्त.

आता समजा स्पीकर ८६ डेसिबलचे आहेत आणि तुम्ही तीन मीटरवर बसता. अंतरामुळे आवाज घटतो, पण स्पीकर दोन आहेत आणि खोलीच्या भिंतीही थोडा आवाज परत देतात. सगळं धरून प्रत्येक स्पीकरला एक वॉट दिला की खुर्चीपाशी ८१ डेसिबलच्या आसपास मिळतात. रोजचं ऐकणं सरासरी ७५ डेसिबलचं धरलं तर त्याला पाव वॉट पुरतो. पाव वॉटच! पण संगीत सपाट नसतं. तबल्याची थाप सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर उसळते. दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट लागते आणि १० डेसिबलला दहापट. म्हणजे त्या थापेच्या क्षणी ८ ते २५ वॉट हवेत. हेच स्पीकर ८३ डेसिबलचे असतील तर १६ ते ५०.

हे झालं शांत खोलीचं. आपल्याकडे मोठा डेझर्ट कूलर फुल्ल स्पीडवर असला की खोलीत ५५-६० डेसिबलचा आवाज त्याचाच असतो. तानपुरा त्यात बुडतो, मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो. सहा डेसिबल वाढवलं तर ताकद चौपट लागते, म्हणजे मघाचे ८ ते २५ वॉट आता ३२ ते १०० झाले. आणि ही जादाची मागणी नेमकी त्या दिवसांत येते जेव्हा खोलीच ३६-३८ अंशांवर असते. म्हणून पुण्याच्या माणसाला ४० वॉट पुरत असतील तर नागपूरकराने त्याच स्पीकरसाठी ६० ते ८० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर बघावा असं मी सांगेन. ८८-८९ डेसिबलचे स्पीकर घेतले तर मात्र ४०-४५ वॉटही पुरतात. जास्त सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर घेणं हा वॉट विकत घेण्याहून स्वस्त मार्ग आहे, म्हणूनच स्पीकर आधी.

एक सावधगिरी. ४ ओहमच्या स्पीकरवर ‘८८ डेसिबल, २.८३ व्होल्ट’ असं छापलेलं असेल तर तो आकडा फुगलेला आहे. २.८३ व्होल्ट ८ ओहमवर एक वॉट होतात, ४ ओहमवर दोन. म्हणजे खरी सेन्सिटिव्हिटी ८५.

डब्यावरचे वॉट वाचायला शिका

६० वॉट आणि ६० वॉट यांत फरक असतो. प्रामाणिक आकडा असा दिसतो: दोन्ही चॅनल एकाच वेळी चालू, ८ ओहम, २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ, डिस्टॉर्शन (मूळ आवाजात पडणारी विकृती) ०.१ टक्क्याच्या खाली. लबाड आकडा असा: एकच चॅनल, ६ ओहम, फक्त १ किलोहर्ट्‌झ, डिस्टॉर्शन १० टक्के. ‘पीएमपीओ’ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट) हा शब्द दिसला तर तो डबा खाली ठेवा. त्या आकड्याला कुठलीही ठरलेली मोजपद्धत नाही. अमेरिकेत १९७४ पासून वॉट कसे जाहीर करायचे याचा सरकारी नियम आहे, आपल्या दुकानांत मात्र हजार-हजार वॉट लिहिलेले डबे अजूनही दिसतात.

मग ८ आणि ४ ओहमचे आकडे शेजारी ठेवून बघा. मरँट्झ पीएम६००७ हा ८ ओहमवर ४५ आणि ४ ओहमवर ६० वॉट देतो. डेनॉन पीएमए-६००एनई ४५ आणि ७०. रेगा ब्रिओ ५० आणि ७३. केंब्रिज ऑडिओ सीएक्सए८१ ८० आणि १२०. आदर्श अ‍ॅम्प्लिफायरचा आकडा ४ ओहमवर दुप्पट व्हायला हवा. जितका तो दुप्पटीच्या जवळ, तितका त्याचा पॉवर सप्लाय खंबीर. ज्याने ४ ओहमचा आकडाच दिलेला नाही, त्याला अवघड स्पीकर जोडू नका. ८ ओहमचं लेबल लावलेला स्पीकरही मधल्या काही फ्रिक्वेन्सींवर ४ ओहमच्या जवळ उतरू शकतो, हे विसरू नये.

वॉटच्या मागे किती धावायचं याचं उत्तर एनएडी ३०२० ने १९७८ मध्येच दिलंय. कागदावर फक्त २० वॉट, पण क्षणभर लागणारा जास्तीचा करंट तो बिनतक्रार द्यायचा, आणि त्याच गुणावर जगभर घराघरांत पोहोचला.

उन्हाळा: इथे कुठला क्लास टिकेल

क्लास म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचं आतलं सर्किट कोणत्या पद्धतीने वीज वापरतं तो प्रकार. क्लास ए अ‍ॅम्प्लिफायर गाणं चालू नसतानाही पूर्ण करंट ओढत बसतो. २५-३० वॉटचा क्लास ए सहज दीडशे-दोनशे वॉट खातो आणि जवळजवळ सगळे उष्णता म्हणून खोलीत सोडतो. आवाज सुरेख असतो, वाद नाही. पण नवतप्यात तो चालू करणारा नागपूरकर मी पाहिलेला नाही. वर्षातले तीन महिने बंद ठेवायचा असेल तरच घ्या. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्प्लिफायरचंही असंच. शिवाय त्यात ३००-४०० व्होल्टचा डीसी असतो, म्हणून घरात लहान मूल असेल तर जाळीचं झाकण हवंच, आणि स्पीकर न जोडता तो कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

क्लास एबी हा बाजारातला नेहमीचा प्रकार. वर सांगितलेली चारही मॉडेलं याच प्रकारातली. नुसता चालू ठेवला तर साधारण २० ते ४० वॉट खातो, आवाज वाढवला की तापतो. हा नागपुरात व्यवस्थित टिकतो, पण हवा मिळाली तर. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत वापरासाठी कमाल तापमान ३५ अंश लिहिलेलं असतं, काहींच्या ४०. दुपारी आपला हॉल तिथेच असतो. आतल्या वीज साठवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल जुना ठोकताळा आहे की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. म्हणून टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात अ‍ॅम्प्लिफायर कोंबू नका. वर किमान चार-पाच इंच जागा मोकळी, मागची फळी कापलेली, आणि वर सेटटॉप बॉक्स, राउटर, फुलदाणी यांतलं काहीही नाही. कूलरच्या झोतासमोरही ठेवू नका, थंड वाटला तरी त्या ओलाव्याने मागच्या सॉकेटांवर गंज चढतो आणि दोन-तीन उन्हाळ्यांत खरखर सुरू होते.

क्लास डी आता दुर्लक्ष करण्यासारखा राहिलेला नाही. ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता, हाताला जेमतेम कोमट लागणारी पेटी. ज्यांच्याकडे एसी नाही आणि दिवसभर गाणी चालू असतात, त्यांनी आधी हाच प्रकार ऐकून बघावा. फोसी, आयिमा, एसएमएसएल यांचे तळहाताएवढे अ‍ॅम्प्लिफायर ऑनलाइन मिळतात. घेताना डब्यावरचे ३०० वॉट वाचू नका, अडॅप्टर वाचा. ३२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर म्हणजे एकूण १६० वॉट आत जाणार, त्याहून जास्त बाहेर येऊ शकत नाही. ८ ओहमच्या स्पीकरवर चॅनलमागे पन्नासेक वॉट धरा. ते पुरेसेही आहेत. यांतल्या साध्या मॉडेलांचा वरचा सूर स्पीकरच्या इम्पीडन्सप्रमाणे थोडा बदलतो, म्हणून आपल्याच स्पीकरवर ऐकल्याशिवाय मत बनवू नये.

घरातली वीज

अ‍ॅम्प्लिफायर आणण्याआधी वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असतील तर आधी ते दुरुस्त करा. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि अर्थची वायर कुठेच गेलेली नसते.

इन्व्हर्टर कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणतो आणि जास्त तापतो. साइन वेव्ह असेल तर अडचण नाही. नसेल तर अ‍ॅम्प्लिफायरचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढून टाका, लाइट गेली की गाणं थांबेल एवढंच.

स्पीकरमधून सतत ‘हूं’ असा आवाज येत असेल तर आधी केबल टीव्हीची वायर काढून बघा. बहुतेक वेळा सेटटॉप बॉक्सच्या वायरीतून दुसरा अर्थ येतो आणि लूप तयार होतो. वायर काढल्यावर आवाज थांबला तर टीव्ही ऑप्टिकल केबलने जोडा, काचेतून किंवा प्लास्टिकमधून प्रकाश जातो, अर्थ जात नाही. अर्थची पिन तोडून हा आवाज बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

आणि पावसाळ्याच्या तोंडावर गडगडाट सुरू झाला की प्लग ओढून काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही.

मागची भोकं

कागदावर तुमचे स्रोत लिहा: टीव्ही, मोबाइल, सीडी, रेकॉर्ड प्लेअर. टीव्हीसाठी ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसी (एचडीएमआय केबलमधूनच टीव्हीचा आवाज बाहेर आणणारी सोय) हवं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ वर ठेवा, नाहीतर डॉल्बीचा सिग्नल येईल आणि स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर गप्प बसेल किंवा नुसती खरखर करेल. हे न कळल्यामुळे नवा अ‍ॅम्प्लिफायर परत केलेले लोक आहेत.

घरात वडील-आजोबांच्या जुन्या रेकॉर्ड असतील तर फोनो, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरसाठीचा खास इनपुट हवा. साध्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजमधून, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या सुईच्या भागातून, चार-पाच मिलीव्होल्ट येतात, सीडी प्लेअरमधून दोन व्होल्ट. फोनो प्लग साध्या इनपुटला जोडला तर आवाज पुटपुटल्यासारखा येतो, कारण नुसती ताकद नाही, रेकॉर्ड कापताना दाबलेला बास परत वाढवण्याचं कामही फोनो सर्किट करतं. मोनो रेकॉर्ड बऱ्याच असतील तर मोनोचं बटण असलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर शोधा, खरखर बरीच कमी होते. एमसी (मूव्हिंग कॉइल) या दुसऱ्या प्रकारच्या कार्ट्रिजचा विचार पहिल्या वर्षी करू नका.

वायफाय स्ट्रीमिंग आत असलेला अ‍ॅम्प्लिफायर सोयीचा असतो, पण अ‍ॅप आणि सॉफ्टवेअर पाच-सहा वर्षांत जुनं होतं, ट्रान्सफॉर्मर वीस वर्षं चालतो. मी दोन्ही वेगळं ठेवण्याच्या बाजूचा आहे. सबवूफर पुढे घ्यायचा असेल तर त्याला सिग्नल देणारा सब-आउट किंवा प्री-आउट सॉकेट आहे का ते आजच बघा.

स्पीकरची वायर २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची घ्या. चार-पाच मीटरसाठी ती पूर्ण पुरेशी आहे. यावर याहून एक रुपया जास्त घालवू नका.

ऐकून ठरवणं

सीताबर्डीच्या दुकानात तीन-चार सिस्टीम एकाच भिंतीला लावलेल्या असतात आणि शेजारी टीव्ही चालू असतो. तिथे किंमत कळते, आवाज कळत नाही. दुकानदाराशी नीट बोला, दुपारी दोन-तीनच्या उन्हात गर्दी नसते तेव्हा वेळ मागा, आणि तुमचे बुकशेल्फ स्पीकर सोबत न्या. दुकानदार घरी डेमो द्यायला तयार असेल तर त्याला पाच टक्के जास्त दिले तरी हरकत नाही. मुंबईला काही कामाने जाणार असाल तर तिथल्या डेमो रूममध्ये आधीच वेळ घेऊन ठेवा.

दोन अ‍ॅम्प्लिफायरची तुलना करताना आवाज सारखा असणं ही एकमेव कठोर अट. जो अर्धा-एक डेसिबल मोठा वाजतो तोच कानाला ‘जिवंत’ वाटतो, आणि कान फसतो. मोबाइलवरून १०० हर्ट्‌झचा टोन लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा, आणि दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरवर आकडा २-३ टक्क्यांच्या आत आणा. टोन कंट्रोल बंद. मग ऐका.

काय ऐकायचं? जे आवाज तुम्ही प्रत्यक्ष ऐकलेत तेच. आधी नुसता तानपुरा, हळू आवाजात. तारांचा झंकार विरत जाताना कुठपर्यंत ऐकू येतो, की मध्येच सूं सूं आवाजात हरवतो? मग तबला. डग्ग्याची घीस सुरू होते आणि थांबते, ती थांबताना अ‍ॅम्प्लिफायर ओढत तर नाही ना? मग संवादिनी आणि आवाज एकत्र, दोघे एकमेकांत मिसळून गढूळ होतात का बघा. वसंतराव देशपांडे सभागृहातल्या मैफली ध्वनिक्षेपकावरच होतात, त्यामुळे आवाजाची मोजपट्टी म्हणून घरगुती बैठक जास्त खरी. जमलं तर एखाद्या तबलावादकाच्या रियाजाला दहा मिनिटं जाऊन बसा, नंतर दुकानात कान फसणार नाही.

मोजून आवाज सारखा केल्यावर दोन चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक फार थोडा उरतो. तो उरला नाही असं वाटलं तर तुमचे कान बरोबर आहेत. जो कमी तापतो, ज्याची दुरुस्ती जवळ होते आणि ज्याचा नॉब हाताला बरा वाटतो, तो घ्या. वाचलेले पैसे स्पीकरमध्ये घाला. लाखभर रुपयांच्या सिस्टीममध्ये निम्म्याहून थोडे जास्त स्पीकरला आणि तिसरा हिस्सा अ‍ॅम्प्लिफायरला, असा माझा हिशेब आहे.

जुना घेत असाल तर

सान्सुई, पायोनियर यांचे सत्तरच्या दशकातले अ‍ॅम्प्लिफायर आजही बाजारात फिरतात आणि चांगले असतील तर सोनं आहेत. मागची पट्टी वाचा. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेला असेल तर १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतून आलेला १२० चा. सरळ २३० व्होल्टला लावला तर तिथेच जळतो. व्होल्टेज सिलेक्टर नसेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, त्याची किंमत सौद्यात धरा.

विकणाऱ्याकडे जाताना मल्टिमीटर आणि एक टाकाऊ स्पीकर न्या. काही वाजत नसताना स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलीव्होल्टच्या आत ठीक, १०० च्या वर गेलं तर किंमत पाडा किंवा सोडून द्या. ज्या मॉडेलांत प्रोटेक्शन रिले (बिघाड झाला तर स्पीकर तोडणारा स्वयंचलित स्विच) असतो, त्यांत चालू केल्यावर काही सेकंदांनी ‘टक’ असा आवाज यायला हवा. सगळे नॉब फिरवा. थोडी खरखर स्वच्छ करून जाते, पण एक चॅनल मध्येच गायब होत असेल तर काम मोठं आहे. आणि तासभर चालवून बघा, थंड यंत्राची परीक्षा खरी नाही. हे सगळं मेमध्ये केलं तर उत्तम.

आहुजासारखे सभेचे अ‍ॅम्प्लिफायर गणपतीच्या मांडवासाठी बनलेले आहेत. मंडळाकडून स्वस्तात मिळतो म्हणून घरी आणू नका. त्यातली अनेक मॉडेलं मोनो असतात आणि लांबच्या हॉर्नना पुरवठा करण्यासाठी १०० व्होल्ट लाइनचा आउटपुट देतात. घरातल्या स्पीकरचं त्याच्याशी जमत नाही.

बिल आणि खोका

ऑनलाइन फार स्वस्त दिसला तर विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: सिरीयल नंबरवर भारतातल्या अधिकृत वितरकाची वॉरंटी आहे का, आणि दुरुस्ती नागपुरात होते की पाठवावी लागते. लेखी उत्तर घ्या. पाठवावी लागत असेल तर जाण्या-येण्याचा खर्च कोणाचा तेही लिहून घ्या, सात-आठ किलोची पेटी कुरियरने सांभाळून पाठवणं स्वस्त नाही. आणायचा महिना शक्यतो मार्च निवडा, म्हणजे पहिला उन्हाळा वॉरंटीतच जातो आणि काही कच्चं असेल तर ते तेव्हाच बाहेर येतं. खोका आणि आतलं थर्मोकोल माळ्यावर जपून ठेवा, कंपनीच्या मूळ पॅकिंगशिवाय पाठवलेला अ‍ॅम्प्लिफायर वाटेत ट्रान्सफॉर्मरच्या वजनाने आतून तुटू शकतो.